मालक जहाजावर असतात

गाव बदललं की माणूस नवा होतो म्हणतात. म्हणणाऱ्यांनी गाव बदललेलं नसतं. मी अकोला सोडून कोल्हापूरला आले त्याला दीड वर्ष झालं. नवं काही झालं नाही, किस्से तेवढे साचले. ऐका.

* * *

घटस्फोटाचे कागद हातात पडले आणि महिन्याभरात मी इथं आले, कारण इथं मला कुणी ओळखत नव्हतं. शिवाजी पेठेत तीन खोल्या बघितल्या. तिन्हीकडं प्रश्न एकच, "मालक काय करत्यात?" मी खरं सांगितलं. तिसऱ्या घरच्या काकूंनी चहा पाजला, पोहे खायला लावले, दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "खोली हाय वो, पण आमच्यात लेकीसुना हायत."

चौथी खोली उचगावला. तिथं मी सांगून टाकलं, "मालक जहाजावर असतात." दोन मिनिटांत किल्ली मिळाली.

* * *

नोकरी एका चांदीच्या दुकानामागच्या पॅकिंगमध्ये. आम्ही तिघी. हुपरीहून आलेली पैंजणं टेबलावर ओततात, आम्ही त्यांचे जोड लावायचे. वजन सारखं, घुंगरं सारखी. स्वतःचा जोड मोडून आलेली बाई दिवसभर दुसऱ्यांचे जोड लावते. असो.

आमच्यातल्या वडीलधाऱ्या म्हणजे अक्का. रोज हुपरीहून बसनं येतात. पहिल्याच दिवशी त्यांची नजर माझ्या पायांवर. "जोडवी कुठायत?"

"सैल झाली होती, काढून ठेवलीत."

दुसऱ्या आठवड्यात अक्कांनी घरच्या चांदीची जोडवी करून आणली आणि खाली बसून माझ्या बोटांत घातली. माप न घेता बरोबर बसली. पैसे घेईनात. कोर्टाच्या पायरीवर काढून फेकलेली वस्तू अशी परत पायात आली. राग आला होता, गिळला.

* * *

संक्रांतीला रंजनाकडं हळदीकुंकू. रंजना म्हणजे आमच्यातली तिसरी, मनानं चांगली, तोंडाला झाकण नाही. "नाव घेतल्याशिवाय वाण न्हाय!"

ज्या माणसानं बारा वर्षांत मला एकदा धड नावानं हाक मारली नाही, त्याचं नाव मी यमकात घेतलं.

"जहाज गेलं दूरदेशी, लाटा येती किनारी,
दिलीपरावांचं नाव घेते संक्रांतीच्या दुपारी."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का तेवढ्या तीळगूळ चावत माझ्याकडं बघत बसल्या.

तोच दिलीप महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. कुठल्यातरी कागदावर माझी सही राहिलेली असते. मी बाहेर जाऊन बोलते आणि आत येऊन सांगते, "जहाज बंदराला लागलंय."

* * *

मग सुरू झालं, "कधी येणार?" गणपतीला येणार, दिवाळीला येणार. खोटं एकदाच बोलायचं असतं असं मला वाटलं होतं. ते रोज बोलावं लागतं.

गेल्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत रंजनानं मोबाइल पुढं केला. कुठंतरी जहाज बुडाल्याची बातमी. "ह्ये तुमच्या मालकांचं तर न्हवं?"

त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका वीट आला की मी म्हणाले, "तेच."

संध्याकाळी दोघी उचगावात हजर. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून कडू घास घेऊन आलेल्या. पिठलं, भाकरी. रंजना ओक्साबोक्शी रडत होती. तिचं बघून मीही रडले, आणि खरंच रडले. घटस्फोट झाला तेव्हा कुणी डबा आणला नव्हता.

रंजनानं डोळे पुसले. "बाई, आता जोडवी काढाय पायजेत," म्हणाली आणि माझ्या पायाशी वाकली.

तेवढ्यात भाकरीच्या डब्याशेजारी ठेवलेला माझा फोन वाजायला लागला. स्क्रीनवर दिलीप. फोन अक्कांच्या हाताजवळ होता. त्यांनी नाव वाचलं, कॉल कट केला आणि फोन पालथा ठेवला.

"जोडवी ऱ्हाऊ देत," अक्का रंजनाला म्हणाल्या. "चांदी माझी हाय."