तारीखबाईंची बाजू

रुग्णाची सही घेण्याची तारीखबाईंना कधीच घाई नसे. परळच्या एका रुग्णालयात रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू होती. तिच्यासाठी काळाचौकीच्या आमच्या चाळीतून माणसे मिळवणे आणि ती दोन वर्षे टिकवणे, हे त्यांचे काम. पुढच्या तपासणीची तारीख सांगत त्या दारोदार फिरत, म्हणून हे नाव. त्यांनीच रुग्ण फोडले आणि चाचणी बुडवली, असे सध्या चारचौघांत सांगितले जाते. सांगणाऱ्यांना मी ओळखतो. हे त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

मी पालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. संमतीपत्र पुढ्यात येताच मी रुबाबात सही ठोकली. बाईंनी तिच्यावर आडवी रेघ मारली.

"वाचलंत कुठे, गुरुजी? पोरानं प्रश्न न वाचता पेपर दिला असता तर काय केलं असतंत?"

मग नवा कागद काढून त्यांनी तो पूर्ण वाचून दाखवला. 'ही चाचणी आपण कधीही, कारण न देता सोडू शकता' हे वाक्य दोनदा वाचले. वर म्हणाल्या, "आता तुम्हाला काय कळलं ते तुमच्या शब्दांत सांगा." इतकी वर्षे परीक्षा घेतलेल्या माणसाची ती तोंडी परीक्षा होती. मी ती रागारागाने दिली आणि एका मुद्द्यावर नापास झालो.

पहिल्या मजल्यावरच्या सावंतांनी एकदा महिन्याच्या गोळ्या न घेताच रिकामी पाकिटे पुढे केली. बाईंनी ती उलटसुलट पाहिली. "महिनाभर हाताळलेलं पाकीट इतकं कोरं राहत नाही, सावंत. गोळी गटारात टाकलीत तरी चालेल, पण माझ्या वहीत खोटं नको. वहीतलं खोटं दुसऱ्या कुणाच्या तरी पोटात जातं." सावंत ओशाळले, पुढे त्यांची एकही तपासणी चुकली नाही.

शिमग्याला अर्धी चाळ कोकणात जाई आणि रुग्णालयाच्या संगणकात ती 'गैरहजर' लागे. बाई कोकणातल्या नव्हत्या. डिलाईल रोडच्या बौद्ध कुटुंबातल्या. तरी कोणाच्या गावची पालखी कोणत्या दिवशी घरी येते, हे त्यांना तोंडपाठ असे. तारीख त्याच्या अलीकडची किंवा पलीकडची मिळे. माणसे अशी टिकली होती.

मग शेजारच्या पेडणेकर वहिनींचे पाय सुजले. बाईंनी नोंद केली. वहिनींना घेऊन मीच रुग्णालयात गेलो होतो, तेव्हा पुढचे संभाषण माझ्यासमोर झालेले आहे. चाचणीचे प्रमुख डॉक्टर, ज्यांना नाव घेऊन मी मोठे करणार नाही, म्हणाले, "सूज जुनी आहे असं लिहा."

"जुनी नाही, डॉक्टर. गोळी सुरू झाल्यावर आठव्या दिवशी मी स्वतः पाहिली."

पुढच्या महिन्यापासून बाई दिसल्या नाहीत. त्यांच्या जागी मोबाइलवर संदेश येऊ लागले.

मला सूड हवा होता. त्याची मला आजही लाज वाटत नाही. एका रविवारी मी चाचणी सोडत असल्याचे अर्ज लिहिले, दोन्ही मजले फिरून सह्या घेतल्या आणि सोमवारी तो गठ्ठा डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून जे सुख मिळाले, ते मला निवृत्तीच्या सत्कारातही मिळाले नव्हते. महिन्याभरात तिथली चाचणी बंद झाली.

बाई घरी आल्या. मला वाटले, आभार मानायला. त्यांनी चहा नाकारला.

"पेडणेकर वहिनींना सोडायची होती का चाचणी?"

"पाय त्यांचेच सुजले ना?"

"तुम्ही विचारलंत का, गुरुजी?"

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या बाईंना म्हणाल्या, "गुरुजी म्हणाले, म्हणान मी सही केलंय. माका वाटला, तुमचोच निरोप आसा."

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता. "डॉक्टर एक सूज लपवत होते. तुम्ही तर सगळी वहीच मिटवलीत. आता ही गोळी दुसरीकडे कुणाला दिली, तर त्याला कोण सांगणार?"

निरोप बाईंचाच होता हा समज चाळीतून रुग्णालयात पोचला, डॉक्टरांनी तो उचलून धरला आणि बाईंना पुन्हा कोणत्याही संशोधनात काम मिळाले नाही. मी खुलासा करायला निघालो, तेव्हा त्यांनीच अडवले. "तुम्ही आता कुठे जाऊ नका, गुरुजी." गेल्या वर्षी त्या वारल्या. तो मनाई हुकूम त्यांच्याबरोबर संपला, असे मी मानतो.

तेव्हा डॉक्टर, ऐका. रुग्ण बाईंनी फोडले नाहीत, मी फोडले. त्या गठ्ठ्यातला प्रत्येक अर्ज माझ्या हस्ताक्षरात आहे. तुमच्या कपाटात असेल, काढून पाहा. सह्या मी कोणालाही काही वाचून न दाखवता घेतल्या. तो दोष माझा आहे आणि मी तो कोणाशी वाटून घेणार नाही. वहिनींची सूज आठव्या दिवसाची होती, हेही मी लेखी देतो. या जबाबाची एक प्रत तुमच्या रुग्णालयाच्या नीतिसमितीकडे आजच रवाना झाली आहे. खाली माझी सही आहे. या वेळी ती वाचून केलेली आहे.