बादलीचा तळ

सलीमभाई गेल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत होतो. हृदय बंद पडलं, सकाळीच. फोन ठेवला आणि उरलेल्या शेंगाही सोलल्या. यवतमाळला गेलेली त्यांची बहीण दुपारच्या एसटीने दारव्ह्याला परत आली, दफन झालं, मीही मूठभर माती दिली. दीड महिना झाला. अजून काही वाटत नाही...

दारव्ह्यात विहिरीत मोटर पडली की लोक सलीमभाईंना बोलवत. दम धरून ते खाली जात, मोटरला दोर बांधून वर येत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. एकदा पंखा दुरुस्त करायला आले असताना त्यांनी टेबलावरच्या मासिकात कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाचं चित्र पाहिलं. निळ्या पाण्याखाली माणूस आणि भोवती मासे. अंदमान जवळ आहे, असं मी सुचवलं. पण बोनेअरला काठावरूनच चालत समुद्रात उतरतात, विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं, हे त्यांना फार आवडलं होतं.

"सर, विहिरीत खाली काईच दिसत नाई. जिंदगीभर हातानंच पाह्यलं. एक डाव डोयानं पाह्यचं हाय."

पाठीवर हवेची टाकी लावून उतरायचं तर दम धरायचा नाही, हा पहिला नियम मी वाचून दाखवला. चाळीस वर्षांची सवय मोडायची होती. घरचे हसतात म्हणून ते संध्याकाळी माझ्या अंगणात येत, बादलीत तोंड बुडवत, तोंडात ठिबकच्या नळीचा तुकडा, दुसरं टोक पाण्याबाहेर. मी पाठीवर हात ठेवून बसायचो. हाताखालची पाठ थांबली की थाप मारायची. ते नळीतून फुर्रकन हवा सोडत आणि वर येऊन हसत. "पुन्हा धरला का मी?"

त्यांचा पासपोर्टचा अर्ज मी भरून ठेवला होता. माझा कोराच होता. एकट्याने जायला इंग्रजी येत नाही, म्हणून ते माझ्यासाठी थांबले होते. मी आधी पावसाळ्यानंतर म्हणालो, मग दिवाळीनंतर. मला पाण्याची भीती वाटते, हे सांगितलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांनीच विचारलं, "भेता का, सर?" मी म्हणालो, छे. ते म्हणाले, "मंग ठीक. मी हाओ ना."

काल बादली भरली. नळी तोंडात धरून तोंड पाण्यात घातलं, डोळे उघडले. तळ स्वच्छ दिसत होता. मी दम धरला होता. बराच वेळ धरून राहिलो... पाठीवर थाप पडली नाही.