मोठ्या आवाजाची सिस्टर

लहानपणी उंदीर दिसला की टेबलावर चढून बसणारी धाकटी आज पुरुषांच्या मानसिक वॉर्डात सिस्टर आहे. पेशंट खुर्ची उगारून उभा राहिला की डॉक्टरसुद्धा आधी विचारतात, "सिस्टर कुठे आहेत?" थोरला भाऊ हे चहावाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवतो, आणि त्यात काडीचंही खोटं नाही.

तिची रीत ठरलेली. समोर छाती काढून उभं राहायचं नाही. जरा तिरकं, दीड हात लांब. हात रिकामे, दिसतील असे. बघ्यांना हटवायचं. आणि आवाज इतका खाली आणायचा की ऐकण्यासाठी समोरच्याला स्वतः गप्प बसावं लागतं. बारा वर्षं झाली, अंगावर ओरखडा नाही. बरं, एक आहे, पण तो मांजराचा.

एकदा वॉर्डात कारखान्यातल्या बॉयलरच्या धडधडीत जन्म काढलेले एक काका भरती झाले. दोन आठवड्यांत तीनदा भडकले. तिसऱ्या वेळी ताट भिंतीवर गेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, आणखी एकदा झालं की बंद वॉर्ड. मग महिनाभर भेट नाही." आणि दुसऱ्याच दिवशी चार वाजता काकांची मुलगी परगावाहून पहिल्यांदा भेटायला येणार होती. "नक्की या," असं धाकटीनंच तिला फोनवर सांगितलं होतं.

भेटीच्या दिवशी तीन वाजता आरडाओरडा झाला. काकांच्या हातात फरशी पुसायचा दांडा, आणि दोन वॉर्डमामा बांधायचे पट्टे घेऊन तयार.

"मामा, पट्टे खाली ठेवा. दाराबाहेर थांबा," धाकटी म्हणाली. तिरकी उभी राहून हळूच बोलली, "काका, काय झालं? बसून बोलू या का?"

"बघा, पुन्हा कुजबुज! माझ्यासमोरच कसला कट करता?"

तिनं आवाज आणखी खाली आणला. दांडा खाडकन खिडकीच्या गजावर बसला.

आणि तिला काकांची मान दिसली. ती बोलली की मान डावीकडे वळायची, उजवा कान पुढे यायचा. ही मान तिच्या घरातलीच! वीस वर्षं पत्रे ठोकून थोरल्याचा डावा कान गेलाय. जेवताना कुणी हळू बोललं की तोही अशीच मान वळवतो, वर डाफरतो, "माझ्याबद्दल काय चाललंय?" म्हणून घरात सगळे ओरडूनच बोलतात. शेजाऱ्यांना वाटतं, रोज भांडण.

तिला आठवलं, भरतीच्या कागदावर कानाचा रकाना कोरा होता. दोन आठवडे अख्खा वॉर्ड, शिकवल्याप्रमाणे, या माणसाशी मऊ मऊ कुजबुजत होता.

धाकटी वळसा घालून उजवीकडे गेली, दीड हात सांभाळून. मग तिनं घरचा आवाज लावला.

"काका! डाव्या कानानं ऐकू येत नाही का?"

मामा दचकले. शेजारच्या वॉर्डातून डोकी डोकावली. कोण पेशंट भडकला म्हणून डॉक्टर धावत आले, तर ओरडतेय सिस्टर!

"मग इतके दिवस असं बोलायला काय झालं होतं?" काका म्हणाले. दांडा खाली आला.

"चुकलं माझं! रोज तुमच्या बहिऱ्या कानात गोड बोलत होते!"

"गोड? मला वाटलं, मला पुरायचं ठरवताय."

दांडा मामांच्या हातात गेला. पण डॉक्टर अडून बसले. "दांडा उगारला ना? मग बंद वॉर्ड."

"चूक आमची आहे, डॉक्टर. रिपोर्टवर तसं मीच लिहिते, माझ्या सहीनं. भेटीला मी शेजारी बसते."

तिनं पुढे केलेल्या भरतीच्या कागदावरच्या कोऱ्या रकान्याकडे डॉक्टरांनी पाहिलं, मग तिच्याकडे. "बसा. आणि उद्या यांचे कान तपासून घ्या."

आजार होताच, गोळ्या चालूच राहिल्या. शोधाचं निम्मं श्रेय थोरला स्वतःच्या कानाला देतो, आणि का देऊ नये?

चारला मुलगी आली. बिचारी नेमकी डावीकडे बसली आणि हळूच काहीतरी पुटपुटली. काकांच्या कपाळाला आठी पडली.

"इकडून, इकडून! आणि चांगलं ओरडून!" धाकटीनं तिची खुर्ची फिरवली.

मुलगी लाजली, मग घसा खाकरून ओरडली, "बाबा, जेवलात का?"

काकांच्या आधी अख्ख्या वॉर्डानं उत्तर दिलं, "जेवले!"