केदारखेड्याचं पिल्लू

मला कुत्र्यामांजरांचा लळा कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून त्या कौतुकाची वाट बघणार नाही. आमच्या घरात पिल्लू आलं ते माझ्या हौसेनं नव्हे. त्याच्यामागे फडकं घेऊन फिरले ती मात्र मी.

जुन्या जालन्यात मस्तगडाला आमचं भाड्याचं घर होतं. पुढे बैठक, मध्ये माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि देव, मागे पडवी, आणि पडवीच्या पुढे अंगणात आड. घरात माणसं तीन. हे, म्हणजे माझे यजमान, कचेरीत कारकून होते आणि दिवसभर उर्दू कागदांत बुडालेले असत. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. तिसरी मी. पाणी ओढायला, सारवायला आणि बोलणी खायला तिसरीच.

त्या वर्षी आत्याबाईंचा एकुलता भाऊ केदारखेड्याला वारला. दिवसकार्य उरकल्यावर भावजय आपल्या लेकाकडे हैदराबादला निघून गेली. जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दिली, गुरं बटईदारानं नेली, घराला कुलूप लागलं. कुलूप लावायला आत्याबाईच थांबल्या होत्या. माहेराहून निघताना बाईच्या हाताला काहीतरी असतंच. लोणच्याची बरणी, तुरीची डाळ, काही नाही तर मूठभर तीळ. त्या खेपेला द्यायला कुणी उरलंच नव्हतं. रिकाम्या गोठ्यात एक कुत्री व्याली होती, तिथलं एक पिल्लू त्यांनी उचललं. धुतल्या लुगड्याला माझा पदर लागला तर लुगडं पुन्हा भिजवणाऱ्या या बाई, केदारखेड्यापासून जालन्यापर्यंत बैलगाडीत कुत्र्याचं पिल्लू मांडीवर घेऊन आल्या.

ह्यांनी दारातच विचारलं, "आई, हे काय आणलं?"

"माहेराहून आणलं."

"कुत्रं?"

"दुसरं काय राह्यलं होतं तिथं?"

एवढं बोलून त्या आडावर आंघोळीला गेल्या. पिल्लू माजघरात आलं, खांबाला हुंगलं, आणि खांबापाशीच कार्यक्रम उरकून मोकळं झालं. माझ्या नशिबातले पुढचे महिने कसे जाणार आहेत ते मला तिथंच कळायला हवं होतं.

आमच्याकडे रीत अशी बसली. पिल्लानं माजघरात घाण केली की मी ती पुसायची, शेणानं जागा सारवायची, आणि मग आत्याबाई स्वतः येऊन त्यावर गोमूत्र शिंपडायच्या. गोमूत्र शेजारच्या गाईचं, रोज सकाळी ताजं. नुसत्या त्या जागेवर त्यांचं समाधान होत नसे. उंबरा, खांब, देवाकडे जायची वाट, सगळं शिंपडून व्हायचं. त्यांचा स्वयंपाक सोवळ्यातला. माजघर ओलांडूनच चुलीकडे जावं लागे, तेव्हा त्यांचंही काही चुकत नव्हतं. सारवण वाळत नाही तोवर पिल्लू पुन्हा तिथंच येऊन बसायचं. बसायचं म्हणजे कशाला, ते सांगायला नको.

सल्ले सगळ्यांनी दिले. शेजारणीनं सांगितलं, त्याचं नाक त्यात घास. मी घासलं. त्याला ते आवडलं असावं असं वाटलं. कुणी म्हणालं, खाणं झालं की लगेच बाहेर न्या. आता आमच्या घरची सून भर दुपारी गल्लीत कुत्र्याचा दोर धरून उभी राहणार कशी? मग मी दार अर्धं लोटून आत उभी राहायची, दोर फटीतून बाहेर, आणि दोराच्या त्या टोकाला पिल्लू. समोरच्या दुकानदाराला नुसता दोर नि कुत्रं दिसायचं. तो हसायचा. पिल्लू दाराकडे तोंड करून स्वस्थ बसून राहायचं, मी आत उभी राहून पाय अवघडून घ्यायची, आणि दोर ओढून आत घेतलं की ते तडक माजघरातल्या खांबाकडे.

हे कचेरीतून आले की त्याला हुकूम सोडायचे, "बाहर! चलो बाहर!" कचेरीत दिवसभर त्याच भाषेत काम, तीच जिभेवर. आत्याबाई त्याला "यू यू" करून आत बोलावायच्या. बिचाऱ्याला दोन्ही कळायचं. दारातून आत-बाहेर करत राहायचं आणि शेवटी मधोमध बसायचं.

एक गोष्ट मात्र खरी, की बैठकीत त्यानं कधी घाण केली नाही. दुपारी तिथंच ह्यांच्या गादीशेजारी झोपायचं, पण तिथली जमीन कोरडी. ह्यांना त्याचा फार अभिमान. "माझ्या धाकानं करत नाही," म्हणायचे. "तुम्हा दोघींचा त्याला बिलकुल धाक नाही."

 माझ्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. आमच्या आडाचं पाणी खोल, रहाटाचा आस घासलेला, आणि एका पिल्लापायी मला दिवसाकाठी जास्तीच्या कळशा ओढाव्या लागत होत्या. हाताला घट्टे पडले, कंबर धरली. कधी कधी सारवता सारवता मी तशीच भिंतीला टेकून बसून राहायची. पिल्लू समोर येऊन शेपूट हलवायचं. त्याला वाटत असावं की हा आमचा दोघांचा मिळून चाललेला खेळ आहे.

भाद्रपद सरत आला तसे हे एकदा जेवताना म्हणाले, "आई, हे असं किती दिवस चालायचं? ही वाळून चालली. दिवाळी झाली की बटईदार कापूस घेऊन बाजाराला येणार आहे. तोवर ह्याला अक्कल आली तर राहील. न्हाई तर त्याच्या गाडीतून वापस."

आत्याबाई वाढत होत्या. त्यांची पळी थांबली नाही. दुपारी मात्र मी भांडी घासत असताना आडापाशी येऊन बसल्या.

"तेवढं जल्दी शिकव बाई त्याला. वापस गेलं तर कोण हाय त्याला तिथं? गोठा रिकामा, घराला कुलूप."

मी म्हटलं, "शिकवूनच राह्यले की, आत्याबाई. शिकत न्हाई."

"शिकंल. आमच्या गावचं हाय, थोडं हळू असतंय." मग म्हणाल्या, "दादा गेल्यापासून तिकडचं असं माझ्याकडं येवढंच हाय. गेलं म्हंजी मंग काईच न्हाई."

त्या बाईनं आपणहून मला असं कधी काही सांगितलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि आपल्या कंबरेची त्याहून जास्त आली. दोन्ही खरं आहे.

त्यानंतर दसऱ्याच्या आधी शेजारची गाय व्याली. आत्याबाईंच्या लेखी व्यालेल्या गाईला सोयर, सोयर फिटेपर्यंत तिचं दूध चालत नाही आणि गोमूत्रही नाही. दुसऱ्या गाईचं आणायचं म्हटलं तर बाजारात फिरणाऱ्या गाईंनी काय काय खाल्लं असेल याची त्यांना खात्री नाही. तेव्हा त्या तुळशीचं पाणी शिंपडू लागल्या, आणि मी जागा आधी राखेनं घासून मग धुऊन घेऊ लागले.

पिल्लू सुधारलं. एकाएकी नाही, पण दोरानं बाहेर नेलं की बाहेर उरकू लागलं. खांबापाशी जायचं, हुंगायचं, इकडे तिकडे बघायचं आणि निघून यायचं. मी घरात कोरड्या पायानं हिंडले. ह्यांनी छाती फुगवली. आत्याबाईंनी त्याच्या भाकरीवर आपल्या वाटचं तूप सोडलं, आणि मला वाटलं, संपलं एकदाचं.

गाईचे दिवस सरले. आत्याबाई भक्तिभावानं तांब्या भरून घेऊन आल्या, इतक्या दिवसांची कसर काढावी तसं सगळं माजघर शिंपडलं, आणि दुपारच्या आत पिल्लानं तीन ठिकाणी ओलं केलं.

मी फडकं घेऊन खाली बसले आणि तशीच बसून राहिले. मला हसू येत होतं आणि रडूही. ते गोठ्यात जन्मलेलं पोर. डोळे उघडल्यापासून त्यानं जिथं विधी केला तिथं हाच वास. आत्याबाई रोज त्याला जागा दाखवत होत्या आणि मी रोज ती सारवून तयार ठेवत होते. बैठकीत तऱ्हेतऱ्हेचे लोक येतात, तिथं शुद्ध करून उपयोग नाही म्हणून आत्याबाई तिथं शिंपडत नसत. जमीन तीच, सारवणही तेच. धाक कसला नि काय.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. धाकाचं ऐकून आधी त्यांचं तोंड उतरलं. मग म्हणाले, "बराबर हाय तुझं. आईला सांग."

"मी? सासूला सांगू गोमूत्र शिंपडू नका म्हणून? तुमची आई, तुमी सांगा."

हे सांगणार म्हणजे कसं सांगणार, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "आई, ही म्हणती तुझ्या गोमूत्रापायी कुत्रं घाण करतंय."

मला जमिनीत जावंसं वाटलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतीस गं?"

मग मला सगळं सांगावं लागलं. गाय, राख, बैठक, गोठा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही, आणि तेच मला जड गेलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "शिंपडल्याबिगर मी देवाचं कसं शिजवू?"

  हे ताटातला भात कालवत राहिले.

दोन-तीन दिवस तसंच चाललं. आत्याबाई शिंपडत होत्या, पिल्लू ओलं करत होतं, मी पुसत होते, आणि दिवाळी जवळ येत होती. एका सकाळी मी पाणी ओढत असताना बघते तर त्या पडवीच्या कोपऱ्यात नवी चूल मांडत होत्या. शेजारी देवांचं तबक, आपली भांडी, पाट, आणि दोरीवर सोवळ्याचं लुगडं. आतलं त्यांचं सगळं उचलून झालं होतं.

हे धावत आले. "आई, हे काय? लोक म्हणतील, लेकानं आईला घराबाहेर काढलं."

"लोकाला सांग, आईला हवा लागती."

"अगं, पण थंडीचे दिवस आले."

"मंग गोधडी दे." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता माजघर राखेनं घास. चांगलं घास. मी तिकडं येत न्हाई."

मी घासलं. खांब, उंबरा, भिंतीचे कोपरे, सगळं गरम पाण्यानं घासलं. त्या पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या आणि मी घासते की नाही याकडे बघत होत्या. घर सोडलं ते त्यांनी, तेही न रागावता, आणि राबले मी. तरी अपराधी मलाच वाटत होतं. त्याचा मला राग आला, अजूनही येतो.

पिल्लू शिकलं. दिवाळीत माजघरात थेंब सांडला नाही. बटईदार आला, बैठकीत चहा प्याला, पायाशी लोळणाऱ्या पिल्लाकडे बघून म्हणाला, "हे आमच्या गोठ्यातलं का? लई शाणं झालं की." हे म्हणाले, "झालं, झालं." गाडी रिकामीच परत गेली. आत्याबाईंनी त्या दिवशी बटईदाराला गावची इतकी विचारपूस केली की त्याला उठायलाच उशीर झाला.

पण पिल्लू आता दिवसभर बैठकीत आणि माजघरात. पडवीकडे ते जायचं ते सकाळी एकदा. आत्याबाईंची आंघोळ झालेली असायची, पडवी शिंपडून झालेली असायची, त्या चुलीपुढे बसलेल्या. ते तुरुतुरु यायचं, त्यांच्या पाटाजवळ हुंगायचं, तिथंच ओलं करायचं आणि परत आत. त्या मुकाट्यानं उठायच्या, पुन्हा आडावर जायच्या, पुन्हा आंघोळ, पुन्हा शिंपडणं. थंडीत त्यांचे ओठ निळे पडायचे. त्यांना पाणी ओढू देणं बरं दिसत नव्हतं, म्हणून त्या कळशाही माझ्याच.

असे बरेच दिवस गेल्यावर एका सकाळी माझ्यानं राहवेना. मी कळशी खाली ठेवली आणि म्हटलं, "आत्याबाई, पाटाजवळ तेवढं शिंपडू नका. मंग हितंबी करणार न्हाई ते."

त्या ओल्या लुगड्यानं कुडकुडत उभ्या होत्या. माझं बोलणं त्यांना नवीन नव्हतं, त्यांनी ते आधीच ताडलेलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"मंग यील कशाला माझ्याकडं?" त्या म्हणाल्या.

मी कळशी उचलून आडाकडे गेले, कारण त्यांच्या आंघोळीच्या अजून दोन कळशा ओढायच्या होत्या.