मुक्ताआत्याचा फॉर्म आणि एकतीस किलो गूळ

मुक्ताआत्याचा आवाज काढायचा तर आधी चष्मा नाकाच्या टोकावर आणायचा, मग समोरच्याकडे न बघता म्हणायचं, "गोळ्या घेतल्या का? खरं सांगा. खोटं बोललात तर बेडक्यात दिसतं मला." आत्या नेवाशाच्या दवाखान्यात नर्स आहे, टीबीच्या पेशंटांना गोळ्या देते. एकदा मी हे करत होतो आणि ती मागेच उभी. म्हणाली, "'बेडक्यात' जरा जोरात म्हणते मी."

तिला जर्मनीला जायचंय. ड्युटी करून वर्षभर जर्मन शिकली, परीक्षा पास झाली, तिथल्या दवाखान्यानं मुलाखतीत निवडलंही. राहिला एक तब्येतीचा फॉर्म. त्यात सातवा प्रश्न: पूर्वी टीबी झाला होता का?

झाला होता. चौदा वर्षांची असताना. आजी-आजोबा कोपरगावकडं ऊस तोडायला जायचे, ही त्यांच्याबरोबर फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायची. सहा महिने गोळ्या खाल्ल्या, खडखडीत बरी झाली. पण घरात तो शब्द कुणी उच्चारत नाही. आजी म्हणते, "तवा मुक्तीला बारीक ताप यायचा."

नर्सना जर्मनीला पाठवणाऱ्या एजन्सीच्या समर्थ सरांना आत्यानं स्पीकरवर फोन लावला. त्यांचं बोलणं सोपं आहे, शेवटी 'ना मॅडम' लावलं की झालं. "नाही लिहा ना मॅडम. सोळा वर्षं झाली ना मॅडम. उगाच हातचं जाईल ना मॅडम."

आत्यानं फोन ठेवला. पेन टोपणासकट हातात तसंच.

"सायेब बराबर बोलतोय," आजी म्हणाली. "न्हाई लिव. कुनाला म्हाईत हाय?"

तेवढ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवता जेवता थांबले. "आये, कुनाला म्हाईत न्हाई म्हंजी? तू मढीच्या नाथाला नवस बोलली व्हतीस. पोरगी बरी झाल्यावर तिला किराणावाल्याच्या तागडीत बसवलं आन् तिच्या वजनाचा गूळ गावात वाटला. एकतीस किलो. जो त्यो इचारायचा, कशाचा नवस? तू दारोदार टीबी समजावून सांगितलास."

"मग? नवसाचा गूळ हातावर ठिवताना खोटं बोलू व्हय?"

आत्यानं चष्मा खाली आणला. "आणि मी रोज पेशंटांना दटावते, ती मी फॉर्मवर खोटं बोलू?"

आजीनं तिच्या हातातल्या पेनाचं टोपण ओढून काढलं. हार मानलेली आजी मी पहिल्यांदाच बघितली, त्यामुळं तिची ती नक्कल मला अजून जमत नाही.

आत्यानं 'होय' लिहिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं: नवीन एक्स-रे पाठवा आणि जुन्या उपचाराचा कागद पाठवा. एक्स-रे स्वच्छ निघाला. कागद कुठून आणायचा? कोपरगावकडच्या दवाखान्यात तेवढं जुनं दप्तर नव्हतं. आत्या दोनदा जाऊन हात हलवत परत आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा जर्मनची वही तिनं पेटीत टाकली.

आजी उठली. देव्हाऱ्यातल्या नाथाच्या फोटोमागून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आत्याचं टीबीचं कार्ड. हळदकुंकवानं माखलेलं, पण शिक्का वाचता येत होता. सुरुवातीचं वजन चोवीस, शेवटचं एकतीस, खाली 'उपचार पूर्ण'.

"तू तर म्हणायचीस, जाळलं," आत्या म्हणाली.

"गूळ किती लागंल ते त्याच्यावरनंच तर कळलं. नाथाम्होरं ठिवल्यालं, जाळतेत व्हय?"

कार्ड कुंकवासकट स्कॅन होऊन जर्मनीला गेलं. तीन आठवडे आत्या मोबाईल उशाला घेऊन झोपली. मग समर्थ सरांचा फोन आला. "झालं ना मॅडम. या म्हणालेत ना मॅडम."

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. आजीनं मात्र लगेच हिशेब काढला. "मी परत नवस बोलले हुते. तुज्या वजनाचा गूळ. किती भरतीस आता?"

आत्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "पंचावन्न."

आजीनं नसलेला चष्मा नाकाच्या टोकावर आणला. माझ्याहून भारी आवाज काढला तिनं. "खरं सांगा. खोटं बोललात तर तागडीत दिसतं मला."

"अडुसष्ट," आत्या म्हणाली.