माझ्या नावावर नाचणारा जिल्हा

माझ्या बायकोनं पंचेचाळीस वर्षांच्या संसारात माझं नाव दहा-बारा वेळाच घेतलं असेल. तेही लग्नकार्यात, चार बायांनी दार अडवल्यावर, उखाण्यात. एरवी मी 'अवो' होतो, 'ऐकलं का' होतो, लेकरं झाल्यावर 'लेकराचे बाप' झालो. रागात असली की भिंतीकडं बघून म्हणायची, "काही माणसांना कळतच न्हाई." ती काही माणसं म्हणजे मी. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिला सांगितलं होतं. तिनं ते इतकं पाळलं की तीच आधी गेली.

आता माझं नाव वडवणीच्या बसस्टँडवर शेंबडी पोरं घेतात. पाटोद्याच्या बाजारात कांदे विकणारा घेतो. हळदीच्या मांडवात डीजे लागला की पन्नास-पन्नास माणसं एकदम घेतात आणि वर हात करून नाचतात. आयुष्य कमी होतं हे खरं असतं तर मी एव्हाना दहा वेळा जळालो असतो.

हे सगळं माझ्या नातीनं केलं. नात म्हणजे पोराची मुलगी. ही चालायच्या आधी नाचायला लागली. घरात मिक्सर लावला तरी तिचे पाय हलायचे. शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी पहिला नंबर. मी म्हणायचो, "नाचून कुणाचं घर चाललंय का?" बायको भाकरी थापता थापता म्हणायची, "तुमी मेव्हण्याच्या हळदीत बनियनवर नाचलात, तवा कुणाचं घर चाललं होतं?" बनियन फाटकं होतं हे ती सांगत नव्हती, तेवढे तिचे उपकार.

बीडला नाचाची स्पर्धा असली की ही आज्जी नातीला एसटीनं घेऊन जायची. जागा मिळाली नाही तर उभी. ड्रेस पाहिजे म्हणून स्वतःचा लग्नातला शालू फाडला. त्यात माझा फेटाही गेला, हे मला स्पर्धा बघायला गेलतो तेव्हा कळलं. पोरीच्या कमरेला होता.

गेल्या साली बायको गेली. पोटाचं दुखणं. दवाखान्यात नेली तर तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला घरी न्या, इथला चहा पातळ हाय." घरी आणली. चहा प्यायली, आणि आठवड्यात गेली. नातीच्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. भावकीतल्या बाया आपसात बोलल्या, "लाडकी होती म्हनं. बघा."

तेरावं झालं आणि पोरीनं मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला, अंगणात उभी राहिली आणि आज्जीच्या आवाजावर नाचली. हा आवाज तिनं माझ्या पुतण्याच्या लग्नात भरून ठेवला होता. त्या लग्नात बायांनी दार अडवलं होतं, नाव घ्या म्हणून. माझ्या बायकोनं पदर खोचला, घसा खाकरला आणि सुरू केलं:

बाभळीचा काटा रुतला माझ्या पायाला,
काढा म्हनलं तर गेले चहा प्यायला.
राग ह्यांचा असा, जसा वैशाखाचा वारा,
अमुकरावांचं नाव घेते, दारातून सरा!

अमुकरावांच्या जागी माझं नाव. ते मी इथं लिहीत नाही, जिल्ह्याला माहीत आहे. दुसऱ्या ओळीनंतर ती थांबायची. बायांना हसू द्यायची, हसू ओसरत आलं की तिसरी ओळ टाकायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काट्याची गोष्ट खरी आहे, तीही सांगून टाकतो. काटा रुतला होता, मी 'आलोच' म्हणून गेलतो आणि दुपारी आलतो. मोबाईलमधल्या आवाजात मागं भांडी वाजतात, कुणाचं तरी लेकरू रडतं, आणि शेवटी मी ओरडतो, "आवर की, पंगत खोळंबलीय!"

नाच मोबाईलवर पसरला. माझा चुलतभाऊ तावातावानं घरी आला. "आज्जीची राख थंड न्हाई झाली अन् पोरगी नाचतीय? भावकीचं नाक कापलं!" मी म्हणालो, बघितलास का? नव्हता बघितला. बघितला. मग त्यानंच परत एकदा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा त्याचा पाय हलला तेव्हा मी चहा ठेवायला सांगितला.

मग कुणा डीजेवाल्यानं त्या आवाजाखाली ढोल घातले. मग पुण्याहून गाण्याच्या कंपनीची दोन माणसं आली. एकाच्या कानात बाळी, दुसऱ्याच्या कानात मशीन. पोरीला गायिका करायचं म्हणाले. माझा पोरगा म्हणाला, "पण तिला गाता येत न्हाई." बाळीवाला म्हणाला, "त्याची काळजी नको, आवाज मशीन नीट करतं." मी म्हणालो, "मग पोरीला कशाला नेता, मशीनच न्या." दोघं हसले आणि पोरीला आणि सुनेला गाडीत घालून घेऊन गेले.

गाणं आलं. आधी आज्जीचा उखाणा, माझ्या नावासकट, मग नात 'दारातून सरा, दारातून सरा' म्हणत नाचते. एवढंच. पण हे एवढंच लग्नात, जयंतीला, गणपतीला, ट्रॅक्टरवर, सगळीकडं वाजायला लागलं. बँकेत साहेबानं पासबुकावरचं नाव वाचलं, खुर्चीतून उठला आणि माझ्याशेजारी उभा राहून फोटो काढला. माझं काम मात्र उद्यावर ढकललं.

चौकात फ्लेक्स लागला. त्यावर नेत्याचा फोटो म्हशीएवढा, त्याच्या पोराचा वासराएवढा, खाली कार्यकर्त्यांची मुंडकी ओळीनं, आणि कोपऱ्यात बोटाएवढी माझी नात. वर लिहिलेलं, साहेबांच्या मार्गदर्शनाखाली घडलेली कलाकार. मी एका कार्यकर्त्याला विचारलं, "साहेबांनी हिला मार्गदर्शन केलं कवा बे?" तो म्हणाला, "आबा, साहेब सगळ्यांनाच करत्यात. समोरच्याला कळत न्हाई, एवढंच." नंतर तिच्यावर जेसीबीतून फुलं उधळली. फुलांबरोबर थोडा मुरूमही आला, कारण सकाळी तोच जेसीबी विहिरीवर होता.

मी हे सगळ्यांना नावं ठेवून सांगतोय, पण माझंही सांगतो. त्या उन्हाळ्यात मी एकही लग्न सोडलं नाही. ज्यांची पत्रिका आली त्यांच्याकडं गेलो, ज्यांची नाही आली त्यांच्याकडंही गेलो. हळदीला मांडवाच्या मागच्या बांबूपाशी उभा राहायचो. गाणं लागायचं. दुसरी ओळ झाली की बायको थांबायची आणि सगळा मांडव हसायचा. मेलेल्या बाईच्या बोलण्यावर जिती माणसं बरोबर त्या जागी हसायची. सुनेनं गाणं माझ्या मोबाईलवर टाकून दिलं होतं. पण घरात एकट्यानं लावलं की दुसऱ्या ओळीनंतर मोबाईलमधल्या बायाच हसायच्या, घरात हसायला कुणी नव्हतं.

दिवाळीनंतर बाळीवाला परत आला, कागद घेऊन.

"आजोबा, गाण्याची नवी आवृत्ती करतोय. मोठी गायिका गाणार आहे. आजींच्या आवाजात भांडी फार वाजतात. आणि नाव जरा जुनं वाटतं, शहरातल्या पब्लिकला चालत नाही."

"मग काय करू? माझं बारसं परत घालू का?"

"नाही हो. तुमचं तेच राहू द्या. गाण्यातलं बदलू. फक्त जुनं गाणं काढून टाकावं लागेल. दोन्ही राहिली तर लोक जुनंच वाजवतील."

"म्हंजे लोकांना जुनं आवडतं."

"हो."

"म्हणून ते काढायचं."

"हो," तो म्हणाला. लाजबीज काही नाही. आवाज बायकोचा, ती नाही, म्हणून कागदावर नवऱ्याची सही लागत होती. सही झाली तर नातीची पुढची चार गाणी. नाही झाली तर ती चार गाणी दुसऱ्या मुलीला.

मी कागदाची घडी घालून त्याच्या खिशात कोंबली. पोरानं ती बाहेर काढली, सरळ केली आणि भिंतीतल्या देवळीत ठेवली. पाहुणा गेल्यावर माझ्यावर घसरला.

"आबा, आवाजाचं काय करायचंय तुमाला? लोणचं घालायचंय का?"

"तुझ्या मायचा आवाज हाय बे तो!"

"म्हाईत हाय मला. पण माय गेलीय. पोरगी जिती हाय."

दोन दिवस कागद देवळीतच होता. त्यातला एक दिवस मी लिंबागणेशला जाऊन देवळाच्या पायरीवर बसून आलो. तिथंही एका भक्तानं मला ओळखलं आणि नाव घेऊन दाखवलं. देवाला सोडून माझ्या पाया पडला.

तिसऱ्या दिवशी दुपारी नात चहा घेऊन आली. दोन कार्यक्रमांच्या मधे ती घरी आली होती. मी तिला आधीच सांगून टाकलं, "मी सही करणार न्हाई. रागवायचं तर रागव."

"नका करू," ती म्हणाली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

मला भांडायचं होतं. समोरचा भांडलाच नाही तर माणूस काय करणार? मी म्हणालो, "नका करू म्हंजे? मग तुझ्या गाण्यांचं?"

"गेली तर गेली. पण आबा, एक सांगू का? महिन्याला दहा-बारा कार्यक्रम होत्यात. दर टायमाला आज्जी बोलती, लोकं हसत्यात, अन् मला दात काढून कंबर हलवायची असती. ती गेली त्या दिवशी मला रडूच आलं न्हाई. म्हनलं, नंतर रडू. तवापासून ती रोजच बोलायलीय. मी रडू कवा?"

चहावर साय धरली तरी मी कप उचलला नाही. मांडवाच्या बांबूपाशी उभं राहून मी बायकोला जिती ठेवत होतो, आणि त्यासाठी राबत होती ही वीस वर्षांची पोरगी. मला ते कधी दिसलंच नाही. कारण ती हसत असायची आणि मी ऐकत असायचो.

देवळीतला कागद आणायला सांगितला. मला सही येते, फक्त वेळ लागतो. एकेक अक्षर करत माझं नाव मी लिहिलं. ती "आबा, नका" म्हणत होती. मी म्हणालो, "गप. तुझी आज्जी असती तर तिनं कवाच आंगठा दिला असता, अन् वर मला शिव्या."

दोन महिन्यांनी बीडच्या मैदानावर मोठा कार्यक्रम झाला, बायांची गर्दी लई होती. नेता दोन तास उशिरा आला आणि पहिल्या सोफ्यावर बसला. मी मागं, दोरीपलीकडं. नवं गाणं लागलं. गायिकाबाईंचा आवाज गोड होता, पाकातून काढल्यासारखा. पण बाईंनी चहाच्या ओळीनंतर थांबायचं सोडून दिलं. गर्दी सवयीनं हसली आणि त्या हसण्यात वैशाखाचा वारा बुडून गेला. मग नाव आलं. कुठल्यातरी नव्या पोराचं, दोन अक्षरी. आणि मैदानातल्या सगळ्या बाया एकदम ओरडल्या, माझं नाव. ज्या बायांनी जन्मात आपल्या नवऱ्याचं नाव मोकळ्या तोंडानं घेतलं नसेल, त्या माझं घेत होत्या. एकदा, दोनदा, टाळ्या वाजवून.

नेता सोफ्यावरून अर्धा उठला. शेजारच्याला विचारतोय हे मला लांबूनही दिसत होतं. पुढून मागं कुजबूज आली, "साहेब इचारायलेत, हा गडी कोणाचा? कोणत्या गटाचा?" कार्यकर्त्यांनी घाईनं साहेबांच्या नावाची घोषणा सुरू केली. बायांनी माझ्या नावाचा आवाज आणखी वाढवला.

आणि स्टेजवर नात नाचता नाचता उभी राहिली. हात खाली पडले. आधी तोंड वेडंवाकडं झालं, मग ती रडायला लागली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी, आवाज काढून. माईक चालू होता. गर्दीतून शिट्ट्या आल्या. माझ्या शेजारचा एक बाप्या म्हणाला, "काय ॲक्टिंग हाय, वा!"

मी दोरी उचलली. बिल्लेवाल्या कार्यकर्त्यानं आडवलं.

"आबा, पास?"

"ती माझी नात हाय."

"आज सगळ्यांचीच नात हाय ती. पास दाखवा."

"अरे, ह्या बाया जे नाव वरडायल्यात ना, ते माझं हाय!"

त्यानं माझ्या चपलेपासून टोपीपर्यंत बघितलं. म्हणाला, "ते लई मोठं माणूस असंल. तुमी मागं व्हा."

मग मी जनरेटरच्या बाजूनं गेलो. तिकडं कुणी पास विचारत नाही, धूर असतो. स्टेजमागं नात एका रिकाम्या खोक्यावर बसली होती. काजळ हनुवटीपर्यंत आलं होतं, हुंदक्यावर हुंदका येत होता. बाळीवाला घड्याळ दाखवत होता, "पाच मिनिटांत परत जावं लागेल, पाच मिनिटांत." मी त्याला जे बोललो ते कागदावर येत नाही, पण तो गेला.

मी खोक्याच्या कडेला टेकलो. माझं उपरणं तिच्या हातात दिलं, तिनं त्यात तोंड खुपसलं. बाहेर ढोल बंद झाले होते, तरी बाया नुसत्या टाळ्यांवर उखाणा म्हणत होत्या.

"आबा, मला परत बोलवत्यात," ती हुंदक्यातून म्हणाली.

"बोलवू दे. तू तुझं चालू दे."

तेवढ्यात माईक खरखरला आणि नेत्याचं भाषण सुरू झालं. म्हणजे रडायला पाऊण तास तरी निवांत मिळणार होता.