करड्या पडद्यावरची निळी पट्टी

हाइड्रून कुबिट्स विचारात बुडाली की तिला हाक मारून उपयोग नसायचा. ड्रेस्डेनच्या नॉयश्टाटमधल्या आमच्या कचेरीत तिचं टेबल माझ्यासमोर, खिडकीला लागून. पडद्यावर ओळी असायच्या, पण ती बघायची त्यांच्या पलीकडे कुठेतरी, चहाचा कप ओठांशी नेऊन तसाच धरलेला. चहा गार व्हायचा. मग ती कप खाली ठेवून दोन-तीन ओळी लिहायची आणि पुन्हा खिडकीबाहेर हरवायची.

तिचं काम असं होतं. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक नांदतात आणि प्रत्येकाला वाटतं, इथे आपण एकटेच आहोत. चित्रं काढणारं महागडं कार्ड मात्र एकच, ते सगळ्यांनी वाटून वापरायचं. हे कार्ड मेमरीत थेट लिहितं. एकाचं चित्र दुसऱ्याच्या मेमरीत जाऊ नये ही जबाबदारी कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची. कार्डासाठी मेमरी कर्नलकडे कशी मागायची आणि काम झाल्यावर परत कशी द्यायची, ही बोलण्याची रीत, म्हणजेच इंटरफेस, हाइड्रूनने घडवली होती. त्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

त्या शरद ऋतूत ती रीत अखेर मान्य झाली. जगभरची माणसं मिळून तो कर्नल लिहितात. त्यातला हा भाग सांभाळायचा टोर्गाइर, बर्गनचा एक तुसडा नॉर्वेजियन. त्याने ती आपल्याकडे घेतली. काही आठवड्यांत कर्नलची नवी आवृत्ती निघणार होती. आमचा साहेब फोल्कमार खूश होता. त्याने गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं होतं.

त्याच सुमारास एका दुपारी एल्बे नदीवरचं धुकं आमच्या गल्लीपर्यंत आलं होतं आणि कचेरीत पाण्याखाली असल्यासारखा उजेड होता. हाइड्रूनच्या चाचणीच्या यंत्रावर दोन आभासी संगणक चालू होते. एकावर समुद्राची चित्रफीत लावलेली, कार्डाला काम मिळावं म्हणून. दुसऱ्यावर काहीच नाही, नुसता करडा पडदा. त्या करड्या पडद्याच्या तळाशी तिला निळी पट्टी दिसली. बोटभर रुंद. त्यात लाटेचा फेस होता आणि पांढऱ्या पंखाचं टोक. पापणी लवेपर्यंत होती, मग गेली.

तिने दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला म्हणाली, "तिकडचा समुद्र इकडे आला होता."

"कार्डाची वायर सैल असेल," मी म्हणालो.

"असेल." मग थोड्या वेळाने, "फार सुंदर दिसत होता रे."

पट्टी पुन्हा दिसली नाही. यंत्राच्या नोंदींत कुठे चूक नव्हती. फोल्कमारचंही वायरीवर एकमत झालं. हाइड्रूनने वायर बदलली, पण तिचं मन कुठे लागेना. दुपारी ती पिल्निट्सला जायला लागली. तिचा नवरा एकार्ट तिथल्या राजवाड्याच्या बागेत माळी. तिथल्या जुन्या कॅमेलियाच्या झाडावर थंडीसाठी काचेचं घर आणून बसवतात. एकार्ट तिला त्या उबेत बाकावर बसवून आपल्या कामाला जायचा. बाहेर धुकं, आत काचांवरून ओघळणारं पाणी आणि गर्द पानं. ती तिथे अर्धवट झोपेत असल्यासारखी बसायची. डोळे मिटले की मेमरीची पानं, म्हणजे वाटून दिलेले तिचे तुकडे, दिसायची, आणि एखाद्या पानावर दुसरीकडून येणारं ते निळं.

एकार्ट मला नंतर म्हणाला, "मी तिला विचारलं, आजारी आहेस का? तर म्हणाली, नाही, मी खोटं बोललेय, आणि कुठे ते शोधतेय."

ते तिला तिथेच सापडलं. आभासी संगणक मेमरी परत देतो तेव्हा कर्नल कार्डाला सांगतो, हे पान विसर, आणि लगेच उत्तर देतो, झालं. पण कार्डाने आधीच पाठवलेलं लिखाण वाटेत असू शकतं. ते पोचेपर्यंत पान दुसऱ्याला दिलेलं असतं. कार्ड अजून मोकळं झालेलं नसताना कर्नल 'झालं' म्हणत होता, आणि तसं म्हणायला तिनेच शिकवलं होतं. हे वरवर शिवून भागणारं नव्हतं. 'अजून थांब' असं सांगायला तिच्या रीतीत जागाच ठेवलेली नव्हती. आणि कर्नल लिहिणारे लोक एक नियम कडक पाळतात. कर्नलने बाहेरच्या प्रोग्रॅमना एकदा दिलेली रीत पुन्हा काढून घ्यायची नाही, कारण मग तिच्यावर विसंबलेलं सगळं कोसळतं. म्हणजे काय ते नवी आवृत्ती निघण्याआधीच करायला हवं होतं.

तिने फोल्कमारला सांगितलं की हे मागे घ्यायला हवं. त्याचा चेहरा उतरला.

"तुला एकदा भास झाला, म्हणून आम्ही सगळं थांबवायचं?"

"भास झाला नसता तरी थांबवायचं. पट्टी सोड, ती कशी येऊ शकते ते मी तुला सांगितलं."

"आणि गिऱ्हाइकांना मी काय सांगू?"

"माझं नाव सांग."

त्याने होकार दिला नाही. मनाई करायचीही त्याला हिंमत झाली नाही. तिने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं की माझ्या इंटरफेसची घडणच चुकली आहे, तो बाहेर पडण्याआधी काढून टाका. कुणीतरी खाली टोमणा मारला की इतकी वर्षं मग बाई झोपल्या होत्या काय. टोर्गाइरने फक्त 'काढला' एवढंच लिहिलं. पण संध्याकाळी त्याने तिला फोन केला, जे तो कधीच करत नसे.

"'माझं काम आत घे' म्हणून लोक माझा जीव खातात," तो म्हणाला. "बाहेर काढ म्हणणारी तूच पहिली. आता नीट कर आणि परत ये."

त्या हिवाळ्यात फोल्कमारने तिला दुसऱ्या कामाला जुंपलं. उरल्यासुरल्या वेळात ती नवी रीत रचत राहिली. आधी परत देण्याची विनंती करायची. मग कार्ड स्वतः 'मी निघालो' म्हणेपर्यंत ते पान कुलपात, कुणालाच नाही. लोक म्हणाले, याने सगळं मंदावेल. तिने दाखवून दिलं की थांबतं ते एकच पान, बाकीचं सगळं आपापल्या वाटेने चालत राहतं.

तरी तिचं समाधान होईना, कारण ती पट्टी तिच्याशिवाय कुणी पाहिलीच नव्हती. मग तिने प्रोग्रॅममध्येच एक खोटं कार्ड बनवलं, मुद्दाम रेंगाळणारं, प्रत्येक लिखाण उशिरा पोचवणारं. मार्चमधल्या एका सकाळी तिने आम्हाला बोलावलं. आधी जुनी रीत लावली. करड्या पडद्यावर समुद्र चढत गेला, पट्टीवर पट्टी, निःशब्द, पक्षी आणि फेसासकट, जणू कुणी खोलीत पाणी सोडलं होतं. मग तिने नवी रीत लावली. पडदा करडा राहिला. आम्ही त्या करड्याकडेही तितकाच वेळ बघत उभे होतो.

फोल्कमार सगळ्यात शेवटी हलला. "वायर नव्हती तर," तो म्हणाला, आणि जरा थांबून, "सोमवारपासून तू हेच कर. तुझं दुसरं काम मी बघतो."

नवी रीत उन्हाळ्यात आत गेली. तोवर तिच्यात फ्रान्समधल्या लील शहरातल्या एका प्राध्यापिकेने आणि टोर्गाइरने स्वतः इतकी भर घातली होती की हाइड्रून म्हणायची, आता हे कुणा एकाचं राहिलं नाही. ते बोलताना ती सैलावल्यासारखी वाटायची. रीत आत गेल्याचं कळलं तेव्हा ती एकार्टबरोबर पिल्निट्सच्या होडीत होती, नदीपलीकडे जायला निघालेली. त्याने विचारलं, आता हे कुठे बघायला मिळेल? ती म्हणाली, कुठेच नाही, काही दिसलं नाही म्हणजे ते नीट चाललंय. तो हसला, आणि काठावर उतरल्यावर दोघांनी कॉफीबरोबर आयरशेके या तिथल्या केकचा एकेक तुकडा खाल्ला.